मुक्या काड्या

दुरून पाहणाऱ्याने न्याय देऊ नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. परंतु ऐकलेले शहाणपण आणि अंगी लागलेले शहाणपण यांत बरेच अंतर असते. ते किती असते हे मला गेल्या वैशाखात कळले. आणि योगायोग असा, की ते अंतर पावलांनी मोजता येण्यासारखे निघाले.

चेन्नईच्या पश्चिमेकडील अण्णानगर ही काही पुरातन वस्ती नव्हे. नडुवक्करै आणि भोवतालच्या खेड्यांच्या जमिनीवर ती आखून वसविली गेली. 1968 साली येथे जागतिक व्यापारमेळा भरला होता. त्या वेळी उभारलेला मनोरा आजही बागेत उभा आहे, आणि अण्णादुरैंचे नाव धारण करणारे हे नगर त्याच्या भोवती वाढत गेले आहे. आखीव रस्ते, अक्षरांनी ओळखले जाणारे विभाग, आणि या साऱ्या रेखीवपणाला न जुमानता वाटेल तशा पसरलेल्या वृक्षांच्या सावल्या, असे या नगराचे रूप आहे. आमच्या घराच्या तिसऱ्या मजल्यावरील गच्चीतून एका शाळेचे मैदान दिसते. मे महिन्यात, ज्याला तमिळ लोक ‘कत्तिरी’चे ऊन म्हणतात त्या दिवसांत, मैदान ओस पडावे हा निसर्गनियम. परंतु त्या शाळेचे उन्हाळी शिबिर याच दिवसांत भरते. आणि शाळेचा बँड पहाटे सहापासून ऊन चढेपर्यंत तेथे कवायत करीत असतो. माझी नात त्या बँडमध्ये साइड ड्रम वाजविते. तिच्या रांगेची ती प्रमुखही आहे.

शिबिराचे पहिले दोन दिवस मी गच्चीतून मुलांना पाहिले आणि मनाशी हळहळलो. पोरे घामाघूम होत होती, बँडमास्तर ओरडून ओरडून थकत होते, आणि इतके करूनही सगळा बँड चुकत होता. संचलनाचा साधा नियम असा, की मोठ्या ढोलाचा ठोका डाव्या पावलावर पडावा. येथे तर प्रत्येक ठोका उजव्या पावलावर पडत होता. एकाचा नव्हे, चाळीसच्या चाळीस मुलांचा. मी नातीला तसे बोललो. ती खळखळून हसली आणि म्हणाली, “आजोबा, तुम्ही खाली तरी या एकदा!”

मी खाली गेलो. जाताना सहज पावले मोजली. ती अडीचशेच्या थोडी वर भरली. मैदानाच्या कडेला जाऊन उभा राहिलो, तो काय! ढोल बरोबर डाव्या पावलावर पडत होता. चूक मुलांची नव्हती, माझ्या गच्चीची होती. उन्हाळ्याच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 350 मीटर चालतो. संचलनाची गती मिनिटाला 120 पावले धरली, तर एका पावलास अर्धा सेकंद लागतो. माझी गच्ची मैदानापासून पावणेदोनशे मीटरांच्या आसपास असावी. म्हणजे ढोलाचा आवाज माझ्यापर्यंत पोचेतो बरोबर एक पाऊल पुढे पडून गेलेले असे. डोळा खरे सांगत होता, कानही खरेच सांगत होता. दोन्ही खऱ्या साक्षी जोडून मी मात्र खोटा निकाल दिला होता.

हा प्रसंग येथेच संपता, तर त्याच्यावर एखादा हलकाफुलका लघुनिबंध लिहून मी मोकळा झालो असतो. परंतु शिबिराच्या पाचव्या दिवशी नात दुपारी जेवायला बसली ती गप्पगप्पच. ताटातला ताकभात तिने नुसता चिवडला. बऱ्याच वेळाने तिने जे सांगितले ते असे.

तिच्या रांगेच्या टोकाला एक मुलगा आहे. अंगाने किरकोळ, स्वभावाने अबोल. बँड पंख्यासारखा मैदानभर पसरतो तेव्हा त्याचा ठोका हटकून मागे पडतो. दोन-तीन दिवस मास्तरांनी त्याला समजाविले, मग रागावले, आणि शेवटी एक तोड काढली. त्याने रांगेत राहावे, इतरांबरोबर पावले टाकावीत, काड्याही इतरांसारख्याच उचलाव्यात. फक्त त्या ड्रमच्या कातड्याला लागू देऊ नयेत. बोटभर वर थांबवाव्यात. रांग भरलेली दिसेल, ठोकाही चुकणार नाही, आणि पंधरा ऑगस्टला त्याचे आईवडील समारंभाला येतील तेव्हा मुलगा त्यांना गणवेषात दिसेल. एवढे झाल्यावर मास्तरांनी नातीला बाजूला घेऊन सांगितले, की त्याच्या काड्या कातड्याला लागत नाहीत ना, इकडे तू लक्ष ठेव.

“आजोबा,” ती म्हणाली, “तो एकदाही काही बोलला नाही. पण मी बघते आहे की नाही, हे तो सारखा बघत असतो. मी काय करू?”

प्रश्न लहान मुलीचा होता, पण तो लहान नव्हता. समुदायाची शोभा राखण्यासाठी एका व्यक्तीला खोटे वागावयास लावावे काय? आणि ते खोटे जर दयेतूनच आले असेल, तर त्याचा दोष उणावतो काय?

मास्तरांवर अन्याय होऊ नये म्हणून त्यांची बाजू आधी मांडली पाहिजे. ते निष्ठुर गृहस्थ नव्हेत. सैन्यातील बँडमध्ये उमेद घालवून ते या शाळेत आले आहेत. आठ वाजता मुलांना सावलीत बसवून, नीर-मोर म्हणजे आपले पातळ मसाल्याचे ताक प्रत्येकाला मिळाले की नाही हे स्वतः पाहतात. त्यांचे म्हणणे असे असणार: एकोणचाळीस मुलांनी पहाटेची झोप मोडून जे साधले, ते एकाच्या चुकीने का विस्कटावे? आणि त्या एकाला काढून टाकले, तर त्याचे मन मोडेल. म्हणून मधला मार्ग काढला. त्याने कोणाचेच नुकसान होत नाही. समारंभ पाहणाऱ्याला हे कळणारही नाही.

हा युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. तरी माझ्या मनात तो कुठेतरी सलू लागला. आणि तो का सलतो याचा शोध घेता घेता मी साठ वर्षे मागे गेलो.

पुण्याच्या एका शाळेत मी इयत्ता सहावीत होतो. वार्षिक समारंभात स्वागतपद्य म्हणणाऱ्या मुलांत माझी निवड झाली. कारण मी उंचीने मधल्या रांगेत बरोबर बसत होतो. तालमीच्या तिसऱ्या दिवशी गाण्याच्या बाई माझ्याजवळ आल्या, आणि अत्यंत मायेने, पाठीवर हात ठेवून, हळूच म्हणाल्या, “बाळ, तू नुसते ओठ हलव.” मी ओठ हलविले. समारंभ उत्तम झाला. घरी आईने कौतुकाने विचारले, “तुझा आवाज कोणता रे होता?” मी म्हणालो, “सगळ्यांत मिसळला होता.” माझ्या आयुष्यातले ते पहिले सफाईदार खोटे. त्यानंतर मी अनेक सभांत राष्ट्रगीताला उभा राहिलो, घरी गणपतीच्या आरतीला टाळ्या वाजविल्या, पण तोंडातून सूर म्हणून कधी काढला नाही. ओठ मात्र इमानाने हलत राहिले.

मला येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी खरोखरच बेसूर होतो. बाईंचे निदान चुकीचे नव्हते. त्यांनी मला उघडपणे सांगितले असते, की तुझा सूर लागत नाही, शिकणार असलास तर मी शिकवीन आणि नाही तर समारंभापुरता तू पडदा ओढण्याचे काम कर, तर मी रडलो असतो, चार दिवस रुसलो असतो. पण पडदा ओढण्याचे काम खरे झाले असते. मी दुखावलो तो वगळला गेलो म्हणून नव्हे. मी वगळला गेलो होतो आणि वगळला गेलो नाही असे मला स्वतःच्या शरीराने दाखवावे लागत होते, म्हणून. उघड नकार माणसाला बाहेर ठेवतो. परंतु त्याचे बाहेर असणे तरी त्याचे स्वतःचे असते. हा प्रेमळ नकार माणसाला आत घेतो आणि त्याच्याच हातांनी त्याला पुसून टाकतो.

यातील दुसरा दोष अधिक खोल आहे, आणि तो मला नातीच्या चेहऱ्यावर दिसला. असे खोटे एकट्याने निभत नाही. त्याला राखणदार लागतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला आपल्या सोबत्याच्या हाताकडे पाहण्याचे काम मिळाले होते. तो चुकतो का हे पाहण्याचे नव्हे, तर तो चुकून खरे वाजवीत तर नाही ना, हे पाहण्याचे. प्रामाणिक ठोका हाच जेथे अपराध ठरतो, तेथे रांग कितीही सरळ असो, काहीतरी वाकडे झालेले असते.

मग रांगच नको काय? असा टोकाचा विचारही मनात येऊन गेला. पाऊल जुळविण्याची विद्या मुळात सैन्याची. माणसांना एकत्र हलविण्यासाठी आणि प्रसंगी विचार करू न देण्यासाठी ती जोपासली गेली. आणि एकसाथ पडणाऱ्या पावलांचे सामर्थ्य भयंकरही असते. इंग्लंडमध्ये 1831 साली ब्रॉटन येथील झुलत्या पुलावरून सैनिकांची एक तुकडी पावलाला पाऊल लावून जात असता पूल हेलकावे खाऊ लागला आणि कोसळला. तेव्हापासून पुलावर येताच पावले मोडून चालावे अशी आज्ञा सैनिकांना मिळू लागली. म्हणजे ज्यांनी एकसाथ चालण्याची विद्या पूर्णत्वाला नेली, त्यांनाच ती कधी टाकावी हेही शिकावे लागले. याच्या उलट प्रकार लंडनमध्ये 2000 साली घडला. टेम्स नदीवरील नव्या पादचारी पुलावर कोणाच्याही आज्ञेवाचून, केवळ पूल किंचित हलतो म्हणून तोल सावरण्याच्या नादात, अनोळखी माणसांची पावले आपोआप जुळली आणि पूल अधिकच डोलू लागला. तो बंद करून दुरुस्त करावा लागला. तात्पर्य, पाऊल जुळणे हा माणसाच्या स्वभावातच मुरलेला धर्म आहे. तो आज्ञेने येतो तसा आज्ञेवाचूनही येतो, आणि दोन्ही वेळा शहाणपणाची गरज उरतेच.

शिवाय तालाचा जन्म कोठे झाला यावरून त्याचे भवितव्य ठरत नाही. याची साक्ष शोधण्यास मला फार दूर जावे लागले नाही; मी राहतो त्या प्रदेशातच ती आहे. मुत्तुस्वामी दीक्षितरांनी तरुणपणी मद्रासजवळील मणली येथे असताना सेंट जॉर्ज किल्ल्यावरील कंपनी सरकारचा बँड ऐकला. शिपायांच्या पावलांसाठी रचलेल्या त्या चालींवर त्यांनी संस्कृत स्तोत्रे बसविली. ‘नोट्टुस्वर’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या रचना शंकराभरणात आहेत, आणि संगीताची पहिली पावले टाकणारी तमिळ मुले आजही त्या शिकतात. त्याच काळात तंजावरला आपले सरफोजी महाराज, ज्यांनी 1798 पासून 1832 पर्यंत गादी सांभाळली, पाश्चात्त्य वाद्यांचा राजवाडी बँड हौसेने बाळगीत होते. कवायतीचा सूर देवघरात गेला आणि मराठी राजाच्या वाड्यातही रमला.

आणि उलट वाटेनेही काही आले आहे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप देणारे हैबतबाबा आरफळकर हे शिंद्यांच्या पदरी सरदार होते. दिंड्यांचे क्रम, रथापुढे कोण आणि रथामागे कोण याचे नियम, या सगळ्यांवर लष्करी पेशाच्या हाताची छाप दिसते. तरी दिंडीत पावली खेळणाऱ्याकडे पाहावे. तेथेही टाळ एकसाथ पडतो, पाऊल एकसाथ वळते. पण एखाद्या म्हाताऱ्याचा टाळ मागे राहिला, तर टाळ वाजल्याचा देखावा कर असे त्याला कोणी सांगत नाही. त्याचा चुकलेला टाळ इतरांच्या टाळांत सामावून जातो. तेथे रांग पाहणाऱ्यासाठी नसते. ज्याच्यासाठी ती असते त्याला भरलेली रांग दाखविण्याची गरज नसते.

येथे एक आक्षेप रास्त आहे. बँड म्हणजे दिंडी नव्हे. पुण्याच्या ढोलताशा पथकात पन्नास ढोलांत एक चुकला तर खपून जाईल. पण साइड ड्रमची कोरडी, टोकदार टणटण लपत नाही. ज्या कलेला नेमकेपणा हवा, तिने तो मागावा. मी हे अमान्य करीत नाही. नेमकेपणा मागणे म्हणजे क्रौर्य नव्हे. माझा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे: चूक कोणाची, हे आपण नेमकेपणाने शोधले काय? ठोक्यात जो काटेकोरपणा आपण मुलापाशी मागतो, तो त्याच्या चुकीचा निवाडा करताना आपण पाळला काय?

हे मनात आले आणि मला माझी गच्ची आठवली. मी नातीला विचारले, “तो मुलगा रांग मिटलेली असतानाही चुकतो का गं?” ती थबकली. आठवून म्हणाली, “नाही. पसरल्यावरच चुकतो.” मी म्हटले, “मग उद्या सराव सुरू व्हायच्या आधी तू त्याच्या जागी उभी राहा. डोळे मीट, आणि नुसते ऐक.”

दुसऱ्या दिवशी ती धावत घरी आली. बँड पसरतो तेव्हा मोठा ढोल मैदानाच्या मध्यावर असतो. एका बाजूला शाळेची तीन मजली लांब भिंत, आणि त्या मुलाची जागा भिंतीपासून सर्वांत दूरच्या टोकाला. तेथे उभे राहिले की ढोल दोनदा ऐकू येतो. एकदा ढोलाचा, एकदा भिंतीचा. भिंतीवरून परतलेला ठोका जवळजवळ अर्धे पाऊल उशिरा पोचतो. मुलगा कानाने चालणारा होता. जे ऐकू येते ते खरे मानून वाजवीत होता. नात त्या जागी उभी राहून वाजवू लागली, आणि तिचाही ठोका मागे पडला.

तिने ते मास्तरांना सांगितले. मास्तर काही बोलले नाहीत. एका मुलाचा ड्रम स्वतःच्या गळ्यात अडकवून ते त्या टोकाला जाऊन उभे राहिले, ढोल वाजवावयास सांगितले, आणि बराच वेळ मान खाली घालून ऐकत राहिले. मग त्यांनी सगळ्या टोकांच्या मुलांना जवळ बोलावून सांगितले, की तुमच्या जागी कानावर विसंबू नका. पुढच्या नायकाच्या हातातील दंडाकडे पाहा, तो खाली येईल तेव्हा ठोका टाका. त्यानंतर ते त्या मुलापाशी गेले, त्याच्या हवेत थबकलेल्या दोन्ही काड्या हाताने खाली आणून कातड्यावर टेकविल्या, आणि निघून गेले. क्षमा त्यांनी मागितली नाही. पण मला वाटते, ती मागण्याचा याहून भला प्रकार नसावा.

या साऱ्यातून निघणारा बोध मी फार सोपा करू इच्छीत नाही. प्रत्येक चूक भिंतीची नसते. माझ्या बेसूरपणाला कोणतीही भिंत जबाबदार नव्हती. जो मुलगा कोणत्याही जागी चुकेल त्याच्याशी कसे वागावे, हा प्रश्न या शोधाने सुटत नाही. त्याला सत्य सांगण्याचे आणि खरे काम देण्याचे कष्ट कोणाला तरी घ्यावेच लागतील. पण त्या मुलाची चूक जागेची आहे हे कळण्यापूर्वीही मुक्या काड्यांचा उपाय गैरच होता, आणि माझी चूक माझ्या गळ्याची होती तरी मुक्या ओठांचा उपाय गैरच होता. कारण त्या उपायाने चुकीचा आवाज बंद होतो, आणि आवाज बंद झाला की कारणाचा शोधही बंद होतो. त्या मुलाने पंधरा ऑगस्टपर्यंत निमूटपणे काड्या हवेत धरल्या असत्या, तर भिंतीचा अपराध जन्मभर त्याच्या माथ्यावर राहिला असता. आणि पुढच्या वर्षी त्या जागी दुसरे मूल उभे राहिले असते.

कवायतीतच एक हालचाल आहे, जी मला या प्रश्नाचे अर्धे उत्तर वाटते. रांग वळते तेव्हा आतल्या टोकाचा मुलगा जवळजवळ जागच्या जागी पावले आपटतो, आणि बाहेरच्या टोकाचा लांब ढांगा टाकतो. ठोका सर्वांना एकच. पाऊल मात्र ज्याच्या त्याच्या जागेप्रमाणे. वळणावर सर्वांनी सारखेच पाऊल टाकले, तर रांग मोडते. आपल्या भाषेत पाऊल जुळणे आणि पाऊल जुळविणे अशी दोन क्रियापदे आहेत. पहिले आपोआप घडते. दुसऱ्यासाठी कोणीतरी, कोणाच्या तरी जागी जाऊन उभे राहावे लागते.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी मी गच्चीतून पाहिले नाही. खाली गेलो, कडेच्या झाडाखाली उभा राहिलो. बँड पसरला, वळला, पुन्हा मिटला. त्या मुलाची नजर दंडावर खिळलेली होती. तरी दोनदा त्याचा ठोका किंचित मागे पडला. मला तो स्पष्ट ऐकू आला. नातीलाही आला असावा, कारण तिने त्याच्याकडे पाहिले. तो ओशाळला नाही. पुढच्या ठोक्याला त्याने पाऊल जुळवून घेतले.

चूक ऐकू आली याचा मला त्या सकाळी झाला तेवढा आनंद, चूक न ऐकू आल्याचा कधी झाला नव्हता.